बाबांना पाण्यावरून जायचं होतं

आमच्या बाबांना दोन धडधाकट पाय आहेत, हे मी विमान कंपनीला कळू दिलं नाही. तिकीट काढताना एक चौकोन येतो, प्रवाशाला व्हीलचेअर हवी आहे का म्हणून. त्यात मी बिनदिक्कत खूण केली. इथे न्यूझीलंडमध्ये आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांतून हेच करतात. पुण्याहून, ठाण्याहून आईवडील येतात, रोज पर्वती चढणारे, भाजीच्या जड पिशव्या घेऊन तिसरा मजला गाठणारे, आणि विमानतळावर मात्र सगळे व्हीलचेअरमध्ये बसून बाहेर येतात. चालवत नाही म्हणून नव्हे. इंग्रजी पाट्या, न संपणारे कॉरिडॉर, इमिग्रेशनवाल्यांचे प्रश्न, या सगळ्यातून खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना सुखरूप पार करतो म्हणून. यात कोणाला काही खोटं वाटत नाही. कोणी नवीन इकडे राहायला आलं की आम्ही ही युक्ती आपणहून सांगतो, चांगली तूरडाळ कुठे मिळते ते सांगावं तशी.

खरं तर बाबांना या युक्तीची गरजच नव्हती. पुण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून ते निवृत्त झाले. पाट्या वाचणं, नकाशा उलगडणं, अनोळखी गावात उतरल्यावर आधी उत्तर कुठे आहे ते बघणं हा त्यांचा आवडता उद्योग. वेलिंग्टनजवळ लोअर हटला माझ्या घरी आले आणि आठवडाभरात आमच्या भागातल्या सगळ्या बस त्यांना तोंडपाठ झाल्या. रोज सकाळी नदीच्या बांधावरून चालून यायचे. वाटेत कुत्रं फिरवणाऱ्या प्रत्येकाला माओरीत ‘किया ओरा’ म्हणून नमस्कार करायचे आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून, म्हणजे इथल्या भाषेत डेअरीतून, दूध घेऊन यायचे. समोरच्या घरातल्या बाईंना गुडघ्याचा त्रास आहे हे मला बाबांकडून कळलं. मी त्या रस्त्यावर सहा वर्षं राहत होते.

आई गेल्यावर आम्ही भावंडांनी बाबांचं वर्ष वाटून घेतलं होतं. काही महिने माझ्याकडे, मग धाकट्या भावाकडे रॉटरडॅमला, आणि उरलेले पुण्यात त्यांच्या स्वतःच्या घरी. भाऊ फोनवर थट्टेने विचारायचा, “ताई, हँडओव्हर कधी?” आणि मीही हसून महिना सांगायची. आम्ही दोघंही आयटीत. असे शब्द आमच्या तोंडात बसलेले असतात आणि तोंडातून निघून जातात.

त्या वर्षी बाबांना मे महिन्यात भावाकडे पहिल्यांदाच जायचं होतं. कसं जायचं हा माझ्या मते प्रश्नच नव्हता. वेलिंग्टनहून ऑकलंड, तिथून आखातातला एक विमानतळ, तिथून अ‍ॅमस्टरडॅम आणि पुढे भावाची गाडी. पण बाबांनी त्याचा प्रश्न केला. इथला उन्हाळा सरत आला तसा लायब्ररीतून आणलेला एक जाडजूड अ‍ॅटलास आमच्या जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला आला. आमटीची वाटी ठेवायला जागा उरेना.

“ऱ्हाईनच्या मुखाशी वसलेलं बंदर म्हणून ज्याचं नाव मी जन्मभर फळ्यावर लिहिलं,” बाबा म्हणाले, “तिथे मी गाडीतून जाऊ? बंदरात पाण्यावरून शिरायचं असतं. गाडीतून काय, माणूस कोथरूडलासुद्धा जातो.”

रॉटरडॅम, अँटवर्प, हॅम्बुर्ग. निळ्या खडूने नद्या आणि लाल खडूने बंदरं काढायची त्यांची पद्धत मला आठवते, कारण मीही त्यांच्या वर्गात होते. त्यातलं एकही बंदर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. भावाला तिकडे नोकरी लागली तेव्हा आम्ही सगळे पगाराचं आणि थंडीचं बोलत होतो आणि बाबा एवढंच म्हणाले होते, “नशीबवान आहेस.”

त्यांचा पहिला बेत लंडनचा होता. लंडनपर्यंत विमान, तिथून रेल्वेने किनाऱ्यावरच्या हार्विचला, मग रात्रीची मोठी बोट, आणि सकाळी डोळे उघडले की समोर हॉलंडचा किनारा आणि नदीचं तोंड. हे सांगताना ते टेबलावर बोट सरकवत होते आणि बोटाच्या वाटेत माझा लॅपटॉप येत होता. त्यांच्याकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. मी तो बेत तिथल्या तिथे उडवला, आणि उडवताना मला बरं वाटलं हेही सांगून टाकते. मग त्यांनी मालवाहू जहाजांची चौकशी केली. काही जहाजं म्हणे दोन-चार प्रवासी घेतात. त्यांच्या वयाच्या माणसाला घेत नाहीत असं कळल्यावर ते जहाजवाल्यांवरच रागावले.

आणि मग त्यांना डॉर्ड्रेख्त सापडलं.

रविवार होता. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. बाबांनी अ‍ॅटलास उभा धरून कॅमेऱ्याला दाखवला. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून गाडी पकडायची, रॉटरडॅमला उतरायचंच नाही, तसंच पुढे डॉर्ड्रेख्तपर्यंत जायचं. तिथे धक्क्यावरून पाण्यातली बस सुटते, लोक तिने रोज कामाला जातात. ती नदीतून तासाभरात रॉटरडॅमच्या मोठ्या पुलापाशी आणून सोडते.

भाऊ खो खो हसला. “बाबा, म्हणजे माझ्या घरावरून पुढे जायचं आणि मग उलटं परत यायचं?”

“मग? गाडीतून दिसतं ते स्टेशन. बोटीतून दिसतं ते बंदर. ऱ्हाईनवरची मालवाहू पडावं याच वाटेने येतात, ठाऊक आहे का तुला? तिथे राहतोस आणि ठाऊक नाही.”

“नाही ठाऊक,” भावाने कबूल केलं, आणि मग म्हणाला, “ताई, जमेल गं. मी अर्धा दिवस रजा टाकतो. विमानतळावरून दोघं असेच जाऊ. सामान माझा मित्र गाडीतून नेईल.”

तो तयार होता. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. बाबा तयार होते, तो तयार होता, आणि नाही म्हणाले ते मी. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर माणूस थकलेला असतो, पाय सुजतात, बोटीत वारा असतो, आधी घरी ने, आंघोळ करू दे, बोट काय पळून जात नाही, नंतर एखाद्या रविवारी जा. माझं म्हणणं इतकं शहाणपणाचं होतं की दोघांनीही ते मान्य केलं. ऑफिसातही माझं कामच हे आहे. चार पर्याय मांडायचे आणि त्यातला कमीत कमी कटकटीचा लोकांच्या गळी उतरवायचा.

कटकट कोणाची, हे मात्र मी मांडलं नाही. बाबा भावाच्या घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागणार होता, आणि तो वेळ मला कमी करायचा होता. त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. मला माझं घर परत हवं होतं. बाबा प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशव्या धुऊन नळावर वाळत घालायचे. मी खोली गरम करायला हीट पंप लावला की दहा मिनिटांत खिडकी उघडायचे, मोकळी हवा हवी म्हणून. मी गाडी चालवत असताना, डावीकडून गेलं तर जवळ पडेल, असं सांगायचे, आणि ते खरोखर जवळ पडायचं. यात रागवण्यासारखं काही नाही हे मला कळत होतं, आणि म्हणूनच राग कुठे काढता येत नव्हता. मैत्रिणी म्हणायच्या, किती करतेस गं वडिलांचं. मी मान हलवायची आणि मनात आठवडे मोजायची. प्रवासाची तयारी मी एवढ्या उत्साहाने करत होते ती वडिलांच्या प्रेमापोटी आहे असं सगळ्यांना वाटत होतं. बाबांनाही वाटत होतं. तेच मला अजून झोंबतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी वेलिंग्टनला ऑफिसात असताना नवऱ्याचा फोन आला. तो त्या दिवशी घरून काम करत होता. “बाबा तुझ्याकडे आलेत का? सकाळी फिरायला गेले ते जेवायला आलेच नाहीत. मोबाइल टेबलावरच आहे.”

बाहेर दक्षिणेचा गार वारा सुटला होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. नदीचा बांध, पाणी, त्यांची रोजची वाट, डोक्यात नको ते सगळं येऊन गेलं. नवरा गाडी घेऊन बांधाकडे निघाला. मी बॅग उचलली आणि लिफ्टकडे पळाले, तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“अगं, मी बोलतोय,” बाबांचा आवाज, अगदी खूश. “एका बाईंचा फोन मागून घेतलाय. खाली ये की. मी तुझ्या बंदरावर उभा आहे.”

ऑफिसपासून धक्का जवळच आहे. मी धावतच गेले. कॉफीच्या गाडीशेजारी बाबा उभे होते, कानटोपी, मफलर, वाऱ्याने लाल झालेलं नाक. लोअर हटहून बस पकडून ते डेज बेला गेले होते आणि तिथून प्रवासी बोटीने अख्खी खाडी ओलांडून इकडे आले होते. रोज शेकडो लोक जातात त्या बोटीने. मी स्वतः कधी गेले नव्हते.

“पाहिलंस?” ते म्हणाले. “आधी बस, मग बोट. दोन्ही बरोबर पकडलं. बोट चांगली हलत होती, पण मी वरच बसलो. काही म्हणजे काही झालं नाही मला.”

आज ते वाक्य ऐकू येतं तेव्हा त्याचा अर्थ इतका उघड असतो की माझीच मला लाज वाटते. माणूस परीक्षा देऊन आला होता. पाय सुजतात, वारा असतो, थकाल, हे माझे सगळे मुद्दे त्याने एक-एक करून खोडून दाखवले होते, तेही वाद न घालता. आणि मी काय केलं? भर धक्क्यावर, लोकांसमोर, त्यांच्यावर ओरडले.

“फोन घरी ठेवून कोण जातं असं? तिकडे हा गाडी घेऊन नदीवर शोधतोय तुम्हाला! काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवणार होते त्याला?”

त्याला म्हणजे भावाला. घाबरलेली मुलगी म्हणते ते मी म्हणालेच नाही. तुम्हाला काही झालं असतं तर माझं काय झालं असतं, असं म्हणाले असते तर ते निदान वडिलांशी बोलणं झालं असतं. फोन देणाऱ्या बाई दुसरीकडे बघायला लागल्या. बाबांनी मफलर सारखा केला.

“चूक झाली,” ते म्हणाले. “फोन विसरलो खरा.”

घरी आम्ही ट्रेनने परतलो. ती ट्रेन बराच वेळ पाण्याच्या कडेकडेने जाते. एरवी बाबा खिडकीतून काहीतरी दाखवत असतात, ते बेट बघ, हा दगड बघ, भूकंपाने किनारा कुठे वर उचलला ते बघ. त्या दिवशी त्यांनी काही दाखवलं नाही. ज्या पाण्यावरून ते आले होते त्याच्याकडे बघत बसले. रागाचं निमित्त संपलं होतं, पण माफी मागायला जरा उशीर झाला आहे असं वाटत राहिलं, आणि मग पेटोनी आलं, मग आमचं स्टेशन आलं.

त्याच आठवड्यात मी तिकीट काढलं आणि चौकोनात खूण केली.

“बाबा, व्हीलचेअर सांगितली आहे,” मी दुसऱ्या दिवशी म्हणाले. “सगळेच घेतात. तुमच्याच सोयीसाठी. कुठे शोधाशोध नको.”

“मला कुठे शोधाशोध करावी लागते?”

“तरी. आणि एक करा, त्या लोकांसमोर फार चालू नका. चालताना दिसलात तर पुढच्या विमानतळावर देणार नाहीत.”

देणार नाहीत असं मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आमच्यात सगळे असं सांगतात म्हणून मीही सांगितलं. “लंगडू का मग?” बाबांनी विचारलं. मी हसले. ते हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. अ‍ॅटलास मिटून त्यांनी लायब्ररीच्या पिशवीत घातला. त्या रात्री टेबलावर वाट्या ठेवायला भरपूर जागा होती.

जायच्या दिवशी आम्ही सगळे वेलिंग्टनच्या विमानतळावर गेलो. खुर्ची घेऊन आलेला माणूस उंचापुरा, हसतमुख होता. “किया ओरा, मातुआ,” तो बाबांना म्हणाला. मातुआ म्हणजे वडीलधारे. मग त्याने त्यांनाच विचारलं, चालायला आवडेल की बसता? गेट तसं लांब नाही.

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी तोंड उघडलं, आणि मी मध्येच म्हणाले, “ही विल सिट.”

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत देते. ती मोठ्याने म्हणाली, “बट आई, ही कॅन वॉक! ही वॉक्स मोअर दॅन यू!”

“तू गप्प बस,” मी म्हणाले.

बाबा बसले. मांडीवर आपली शबनम ठेवली, पाय त्या पत्र्याच्या पट्टीवर नीट जुळवून घेतले. खुर्ची वळली आणि मला एकदम ते लहान दिसले. वर्गात ते कधी खुर्चीवर बसायचे नाहीत, तास संपेपर्यंत फळ्यासमोर उभे. मला तेव्हाच पुढे होऊन, उठा बाबा, चला चालत, असं म्हणता आलं असतं. गेट खरंच लांब नव्हतं. मी हात हलवला. परतताना गाडीत मुलगी माझ्याशी बोलली नाही, आणि घरी आल्यावर मी सोफ्यावर पाय पसरून बसले, हीट पंप लावला, खिडकी बंद. इतकं शांत वाटलं, की त्या शांत वाटण्याचाच मला राग आला.

प्रवासाची हकिगत बाबांनी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितली, अगदी रंगवून. आखातातल्या त्या विमानतळावर म्हणे सगळ्या खुर्च्या एका भिंतीशी ओळीने लावल्या होत्या. त्यात एक नाशिकचे गृहस्थ, बडोद्याच्या दोन बहिणी, हैदराबादचं एक जोडपं. “सगळे ठणठणीत,” बाबा म्हणाले. “नाशिकवाले तर म्हणाले, मी दरवर्षी गिरनार करतो. आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसत होतो.”

“मग?”

“मग काय, ढकलणारा मुलगा आम्हाला ठेवून गेला तो लवकर आलाच नाही. मला लघवीला जायचं होतं. समोरच होतं, हे आमच्या बाल्कनीपासून स्वयंपाकघर असेल एवढ्यावर.”

“मग उठून जायचं ना, बाबा!”

“उठलो असतो,” ते म्हणाले, “पण तू सांगितलं होतंस ना, चालताना दिसायचं नाही म्हणून. मग बसून राहिलो. तो आल्यावर गेलो.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी घाईने विचारलं, “आणि रॉटरडॅम कसं आहे? नदी पाहिलीत का?”

“तीच तर गंमत,” बाबा हसले. “गाडीतून येताना मी याला सारखा विचारत होतो, नदी कधी येणार, नदी कधी येणार. एक मोठा बोगदा लागला. त्यातून बाहेर आल्यावर पुन्हा विचारलं, तर म्हणाला, बाबा, आत्ता आपण तिच्या खालूनच आलो.”

भावाचं घर नदीपलीकडे आहे आणि त्या बाजूला जाणारा रस्ता पाण्याखालून जातो. हे मला माहीत नव्हतं. मी बघितलंही नव्हतं. मी तास बघितले होते, बदलायची विमानं बघितली होती, गाडी दारात जाते एवढं बघितलं होतं. ज्या माणसाला पाण्यावरून जायचं होतं त्याला मी पाण्याखालून पाठवलं, आणि तो त्याची गंमत करून मला सांगत होता. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण रडून झालं की माणसाला वाटतं काहीतरी भरपाई झाली, तसंच मलाही वाटलं, आणि मी कामाला लागले. येत्या रविवारी तो नेईलच बोटीने, असं स्वतःला सांगितलं.

पहिल्या रविवारी पाऊस होता. दुसऱ्या रविवारी बाबा म्हणाले, पुढच्या वेळी बघू. तिसऱ्या रविवारी भावाने मला वेगळा फोन केला.

“ताई, बाबा तुझ्याकडे रोज फिरायला जायचे ना?”

“रोज. दोनदासुद्धा. का?”

“इथे जातच नाहीत. खालच्या दुकानात जायचं तरी माझी वाट बघतात. परवा मी म्हटलं, ट्रामचा नकाशा आणून देऊ का, तर म्हणाले, कशाला, तू आहेस की.”

“थंडी असेल.”

“जून आहे इथे. लोक नदीकाठी आइस्क्रीम खात बसलेत.”

मी म्हणाले, वय झालं त्यांचं. भाऊही म्हणाला, हो, तसंच असेल. दोघांनाही ते सोयीचं होतं. पण एप्रिलमध्ये वाऱ्यात बोटीच्या वरच्या बाकावर बसून आलेला माणूस जूनमध्ये कसा काय म्हातारा होतो, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. धक्क्यावरची गोष्ट त्याला माहीत नव्हती. बाबांनी सांगितली नसणार, आणि मी तर नाहीच.

मी माझ्या परीने सावरायला बघत होते. फोनवर मुद्दाम वाटा विचारायची. “बाबा, डॉर्ड्रेख्तचं काय झालं? ती पडावं दाखवणार होतात ना तुम्ही याला?” ते म्हणायचे, “अगं, हा बिचारा आठवडाभर राबतो, त्याला कुठे घेऊन जाऊ.” मी म्हणायची, एकटे जा की. त्यावर ते नुसते हसायचे. लोअर हटच्या बांधावर दक्षिणेचा वारा वाहत होता, समोरच्या बाई एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुझे बाबा पुन्हा कधी येणार, त्यांच्याशिवाय सकाळी कोणी बोलत नाही. मी म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात.

जुलैच्या शेवटी त्यांचं परतीचं तिकीट काढायचं होतं. गणपतीच्या आत त्यांना पुण्यात पोचायचं होतं. आमच्या घरात तिकिटं मीच काढते, कोणाचीही, कुठूनही. या वेळी मी नीट विचार केला. पहिलं म्हणजे भावाला सांगून ठेवलं की निघायच्या आदल्या रविवारी काहीही होवो, बोट चुकवायची नाही. दुसरं म्हणजे तो चौकोन आला तेव्हा त्यात मी खूण केली नाही. पैसे भरायच्या आधी थांबले आणि बाबांना फोन लावला. मला वाटत होतं मी त्यांना काहीतरी परत देते आहे. आवाजात तसा उत्साहही होता.

“बाबा, या वेळी खुर्ची नाही हं! तुमच्या पायांनी जायचं, पाट्या वाचत. कोणी विचारलं तर सांगा, मुलगी म्हणाली चाला.”

मला वाटलं लाइन गेली.

“बाबा?”

“अगं,” ते हळूच म्हणाले, “सांगून टाक ना ती खुर्ची.”

“कशाला? तुम्ही चालता की चांगले.”

“चालतो गं. पण एवढं मोठं विमानतळ असतं ते. कुठून कुठे जायचं...” ते थांबले. मग जरा ओशाळून म्हणाले, “रस्ता चुकलो तर?”

मला फळ्यावरच्या निळ्या नद्या दिसल्या. मी म्हणायला हवं होतं की तुम्ही कधी चुकला नाहीत, मीच तुम्हाला चुकवलं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, “बरं, सांगते.”

“आणि त्या बोटीचं राहू दे या वेळी,” बाबा म्हणाले. “उगाच तुम्हाला काळजी.”

लॅपटॉप समोर उघडाच होता. मी त्या चौकोनात खूण केली. या वेळी ती खोटी नव्हती.